देवळाबाहेर थांबणारे आप्पा

आप्पा मंगळवारी गेले. सकाळी साडेसहाला त्यांनी चहा मागितला. आईनं चहा ठेवला. कप घेऊन ती आली तेव्हा ते गेलेले होते. मला साताऱ्यात सातला फोन आला. दहाला मी सांगलीत पोचले. दुपारी कृष्णेकाठी त्यांना अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून माणसं घरी आली, सतरंजीवर बसली आणि मामांनी पहिला विनोद केला.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. अजूनही मिशीला पीळ, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर थाप. ते म्हणाले, "दाजींचं येक बरं झालं. आता कायमचं मोकळ्या हवेत गेलं. सरणावर चढतानाबी आधी वारा बघितला असंल त्यांनी."

लोक हसले. दुःखाच्या घरात हसतात तसे, खाली बघून, पण हसले. शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली होती, त्यासुद्धा पातेलं टेकवता टेकवता हसल्या. मी हसले नाही. पण त्या दिवशी हसले नाही यात माझा काही मोठेपणा नाही. त्याआधी चाळीसेक वर्षं मी या विनोदांना हसत आले होते. काही तर मीच रचले होते.

आमच्या आप्पांना हवेचं वेड होतं. हाच शब्द आमच्या घरात वापरात होता, वेड. कुठल्याही घरात गेले तरी ते आधी उंबऱ्यावर थांबत. नाक थोडं वर करून आतला वास घेत. मग चपला काढण्याआधी विचारत, "खिडकी उघडू का?" उत्तराची वाट बघत नसत. थंडीत, धुळीत, डासांच्या दिवसांत, आमच्याकडे आणि दुसऱ्यांकडेही. आम्ही भावंडं कोंडाळं करून पांघरुणात शिरलो की येऊन पांघरूण वर करायचे. लपाछपीत कुणी धान्याच्या कणगीत लपलं तर एरवी कधी हात न उचलणारा हा माणूस कानफटात मारायचा. सिनेमाला गेलो तर दाराजवळची खुर्ची. एसटीत खिडकीशी, आणि पावसातही काच उघडी. विचारलं तर एकच उत्तर, "आधी हवा, मग आपण."

माझ्या लग्नाची बोलणी साताऱ्याला ज्या घरात होती, त्यांच्या दिवाणखान्यात कूलर होता. मे महिना होता. सगळी दारं-खिडक्या लावून त्या लोकांनी पाहुण्यांसाठी खोली गार करून ठेवली होती. आप्पा दारात थांबले, वास घेतला, आत गेले आणि एकेक खिडकी उघडत सुटले. रस्त्यावरची धूळ सरळ पोह्यांच्या बशांवर.

"अहो, कूलर चालू आहे," माझ्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या.

"चालू द्या की. त्येचं त्यो करंल," आप्पा म्हणाले. "किती माणसं हाय आत? अकरा. अकरा माणसाला ही हवा पुरत न्हाई."

"आम्ही रोज बसतो इथे."

"म्हनूनच म्हनतो, वहिनी. रोज बसू नगा."

मामा तिथे होतेच. त्यांनी हसून वेळ मारून नेली. म्हणाले, दाजींचा जीव जरा लहान हाय, बंद खोलीत घाबरत्यात. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. मला आप्पांची लाज वाटली आणि मामांचा आधार वाटला. लग्न ठरलं, पण पुढे वर्षानुवर्षं सासरी मला 'खिडक्यांच्या घरची' म्हणत आणि मीही त्यावर हसून दाखवत असे.

आप्पा भित्रे आहेत, हे आमच्या घरात ठरून गेलं होतं. त्याला आणखी एक कारण होतं. आप्पा हरिपूरच्या पेवांवर कामाला होते. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठी. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली तीन पुरुष खोल, मडक्यासारखं फुगत गेलेलं पोट. आत गवत-पाचटाचं अस्तर लावून हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. बाजार चढला की पेव उघडायचं. पण इतके महिने बंद राहिलेल्या आतल्या हवेत माणूस जगत नाही. म्हणून तोंड उघडून काही तास तसंच ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. जळत राहिला तर पहिल्या माणसानं उतरायचं.

आप्पांचं काम वरचं, असं ते सांगत. तोंडाशी बसायचं, दोर धरायचा, पोती वर घ्यायची. खाली उतरायची माणसं वेगळी. मामा सुट्टीवर आले की जेवताना हटकून विचारायचे, "काय दाजी, औंदा तरी खाली उतरला का न्हाई?" आप्पा भाकरी मोडत म्हणायचे, "आपलं काम वर बसायचं." मामा आमच्याकडे बघून डोळा मारायचे. आम्ही हसायचो. सियाचिनला जाऊन आलेला मामा एका बाजूला आणि जमिनीतल्या खड्ड्यात उतरायला घाबरणारा बाप दुसऱ्या बाजूला. मुलांना निवड करायला कितीसा वेळ लागतो?

आई मात्र हसत नसे. तिला त्याचा अभिमान होता. आईचं माहेर औंधाजवळचं. लग्न ठरताना तिच्या कानावर आलं की पेवात गुदमरून माणसं मरतात. लग्नानंतर जोडप्यानं डोंगरावरच्या यमाईला गेले, तेव्हा तिनं गाभाऱ्यात आप्पांना भंडारा उचलायला लावला. भंडारा म्हणजे देवीपुढची हळद. ती मुठीत धरून दिलेला शब्द आमच्याकडे कोर्टातल्या शपथेहून मोठा. आप्पांनी मूठ भरली आणि सांगितलं, पेवात उतरणार नाही. आई ही गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा सांगे. "माझ्या शब्दाखातर कवा उतरलं न्हाईत. दुसरी माणसं हसत्यात, हसू द्या."

दरवर्षी पौषात आम्ही औंधाला जायचो. आप्पा आमच्याबरोबर डोंगर चढायचे, नारळाची पिशवी तेच धरायचे. वर पोचलो की ती पिशवी आईच्या हातात द्यायचे आणि देवळाबाहेर पायऱ्यांवर थांबायचे. आत यायचे नाहीत. मी प्राथमिक शाळेत असताना यायचे, एवढं पुसट आठवतं. पुढे बंद झालं. आई म्हणायची, गाभाऱ्यात कोंडतं त्यांना. मामांनी त्यावरही विनोद केला होता, की देवीनं दाजींसाठी एक खिडकी पाडून घ्यायला पाहिजे. हा विनोद आमच्या नात्यात फार चालला. मी माझ्या मुलांनाही सांगितला.

आणखी एक दिवस सांगायचा आहे. मी पाचवीत होते. सहामाही परीक्षा होती. आप्पा दुपारीच घरी आले, जे कधी होत नसे. मोरीत जाऊन अंगावर बादल्यांमागून बादल्या ओतून घेतल्या. मग स्वयंपाकघरात आले. तिथली एक खिडकी रंग बसून घट्ट झाली होती, वर्षानुवर्षं उघडलेली नव्हती. आप्पांनी ती ओढली, निघेना. त्यांनी पहार आणली आणि चौकटीसकट खिडकी भिंतीतून उचकटून काढली. विटांचा चुरा वरणात पडला. आई ओरडली, "डोस्कं फिरलंय का तुमचं?" आप्पा त्या भोकासमोर उभे राहिले. धापा टाकत, पाठ आमच्याकडे. महिनाभर तिथे पोतं लावलेलं होतं. मी शाळेत मैत्रिणींना हे नकला करून सांगितलं होतं.

महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि तो धंदाच संपला. आप्पा मग कुपवाडला एका वर्कशॉपच्या फाटकावर राखणदार झाले. मालकानं पत्र्याची केबिन दिली होती. आप्पा तिच्यात एक दिवसही बसले नाहीत. पावसात इरलं घेऊन बाहेर स्टुलावर. शेवटची दोन वर्षं त्यांचा श्वास फारच कमी पडत होता. घरात प्राणवायूचं मशीन आणलं होतं. नळी नाकाला, आणि तरी खिडकी उघडी.

तर तिसऱ्या दिवशीचा तो विनोद झाला. त्याच वेळी दाराशी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले होते. काठी, धोतर, कानात यंत्र. ते हरिपूरचे नाना. आप्पांच्या बरोबरीनं पेवावर काम केलेले. यंत्रामुळे की काय, त्यांना विनोद नीट कळला नाही. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "काय म्हनलं सुभेदार?"

"काय न्हाई नाना. आप्पा भीत हुतं म्हनलं. पेवात कवा उतरलं न्हाईत."

नाना मामांकडे वळले.

"उतरला न्हाई? कोण म्हनतं?"

"आवं, दाजीच सांगायचं," मामा म्हणाले.

"घरात सांगत असंल. सुभेदार, एकोणीस वर्सं हरिपुरात जेवढी पेवं उघडली त्यातल्या निम्म्यात पयला पाय त्येचा पडलाय. दोर माझ्या हातात असायचा. मी वर, त्यो खाली."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर तोंडावरून काढला.

नाना जे बोलले ते मी इथे जमेल तसं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"पयली दहा-बारा वर्सं त्यो वरच हुता, ह्ये खरं हाय. मग शिवाचं झालं. शिवा जतकडचा. त्या दिवशी बाजार चढल्याला, व्यापाऱ्याचा ट्रक यून हुबा, मुनीम घाई करत हुता. कंदील सोडला त्यो दोर आखूड. कंदील पार बुडाला गेलाच न्हाई, मधीच लोंबत ऱ्हायला आन मधीच जळत ऱ्हायला. वरनं काय दिसतंय? जळतोय म्हनलं की झालं. शिवा उतरला. बुडाला पाय टेकलं आन बसला. बसला त्यो बसलाच. आप्पानं दोर कमरंला बांधला, श्वास धरला आन गेला खाली. तीन डाव गेला. तिसऱ्या डावाला शिवा वर आला. पर त्येच्यात काय नव्हतं."

मी विचारलं, "नाना, हे कधी?"

"तू शाळंत हुतीस. दिवाळीच्या आधी. तिथनं आमी त्येला दुपारीच घरी लावून दिलं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. त्या भिंतीत आता अॅल्युमिनियमची सरकती खिडकी आहे. तिच्यासमोर थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. नाना बोलतच होते.

"त्येच्यानंतर पयला उतरायला कोण तयार हुईना. मुनीम म्हनला, दुसरी माणसं आनतो. ह्यो म्हनला, मी उतरतो. पर कंदील मी सोडनार, त्येचा दोर माझा, आन मी म्हनंस्तवर कोन तोंडाशी येनार न्हाई. तोंडावर पाय सोडून बसायचा बघा. कुनी घाई केली तर उठायचाच न्हाई. मुनीम शिव्या द्यायचा, ह्यो बसून. येकदा सकाळी उघडल्यालं पेव, सांज झाली तरी उतरू दिलं न्हाई. व्यापाऱ्यानं त्येला भित्रा म्हनलं. हां, भित्रा तर हुताच. लय भित्रा. उतरताना गुडघं हलायचं त्येचं. मला वरनं दोरावर कळायचं. दोर माझ्या हातात थरथरायचा."

"मग का उतरायचे?" मी विचारलं.

"शिवाच्या दिवशी वर बसला हुता ना त्यो. दुसऱ्याला खाली सोडून वर बसनं पुना जमलंच न्हाई त्येला. आन मागनं दम लागाय लागला, तवा मी म्हनलं, आता बास कर गड्या. म्हनला, लेक साताऱ्याला शिकाय गेलीया. पयल्या मानसाला हजेरी जादा असती. तिचं हू दे, मग बघू."

माझं होण्यात किती वर्षं गेली ते मला माहीत आहे. बी.ए., एम.ए., मग ग्रंथालयाचा अभ्यासक्रम. प्रत्येक वर्षी मी घरी येऊन सांगितलं की अजून एक वर्ष शिकायचं आहे. आप्पा म्हणायचे, शिक की.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे या भागाची माहिती देणारं एक पुस्तक आहे, त्यात पेवांवर दोन पानं आहेत. माती कशी, खोली किती, कीड कशी लागत नाही, रंग कसा टिकतो. सगळं कौतुक मातीचं. हळद आत जाते आणि हळद बाहेर येते, जणू तिला पाय आहेत. ते पुस्तक मी स्वतः नोंदवून कपाटात लावलं आहे. दरवर्षी मुलांना प्रकल्पासाठी काढून देते. माणूस कुठे आहे, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. माझा बाप त्या दोन पानांत असायला हवा होता आणि मला त्याची उणीव भासली नाही. हा राग कुणावर काढायचा? पुस्तक लिहिणाऱ्यानं माझ्या वडिलांना पाहिलं नव्हतं. मी रोज पाहत होते.

आता मामा काय म्हणाले ते. मला वाटलं होतं, ते मान खाली घालतील. वर्दीतला माणूस आहे, भीती असताना पुढे जाणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक असेल. मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाले,

"म्हंजी भंडारा उचलून खोटं बोललं."

कुणीतरी चुकचुकलं.

"तरीच," मामा म्हणाले. "तरीच गाभाऱ्यात यायचं न्हाईत. तोंड कुठनं दावणार? आन शेवटाला श्वासच गेला बघा. देवी बघत असती." मग आईकडे वळून, अगदी समजुतीच्या स्वरात, "आक्का, तू काय काळजी करू नगंस. तेरावं झालं की मी औंधाला जाऊन येतो. त्यांच्या नावानं माफी मागतो, दंड म्हणून साडी-नारळ वाहतो. घराला दोष ऱ्हायला नगं."

आणि सतरंजीवरची माणसं मान हलवत होती. पाच मिनिटांपूर्वी भित्रा म्हणून हसलेली हीच माणसं आता शपथ मोडणारा म्हणून हळहळत होती. दोन्ही वेळा सगळे शहाणे आणि आप्पाच चुकलेले. मेलेल्या हवेत तीन वेळा उतरलेल्या माणसाकडून माफी हवी होती यांना. एका मुनीमाच्या घाईनं शिवा मेला, त्या मुनीमानं कुठे साडी-नारळ वाहिल्याचं नाना बोलले नव्हते. व्यापाऱ्याच्या घरून सकाळीच कुणीतरी हार देऊन, 'फार विश्वासू माणूस' असं म्हणून मोटारीतून उतरल्यासारखं करून गेलं होतं. त्यांच्याकडून कुणाला माफी नको होती.

मी आयुष्यात मामांना उलटून बोलले नव्हते. मी म्हणाले, "मामा, तुम्ही उठा."

"काय?"

"इथून उठा. आप्पांच्या नावानं कुणी माफी मागायची नाही."

"पुस्तकं वाचून वाचून डोस्कं फिरलंय हिचं," मामा हसत लोकांना म्हणाले. पण उठले. जाताना आईला म्हणाले, "तू सांग हिला, आक्का." आई काही बोलली नाही. तिनं पदर पुन्हा तोंडावर घेतला. त्या गप्प राहण्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. वाटलं, हिलाही माफीच हवी आहे. हिचा शब्द मोडला म्हणून ही नवऱ्यावर रुसली आहे.

दहा दिवस आई माझ्याशी कामापुरतं बोलली. तेराव्याला मामा आले, जेवले, निघताना म्हणाले की उद्या सकाळी गाडी घेऊन औंधाला जातो. तेव्हा आई म्हणाली, "तू ऱ्हा. मी जाते."

"वर्साच्या आत डोंगर चढायचा नसतो, आक्का."

"माहिती हाय मला."

"मग मी नेतो गाडीनं."

"न्हाई. माझी लेक हाय संगं."

आम्ही एसटीनं गेलो, दोन गाड्या बदलून. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण पायथ्याला रिक्षावाल्यानं विचारलं तर नाही म्हणाली आणि पायऱ्या धरून चढली. दर दहा-बारा पायऱ्यांनी थांबत होती. गाभाऱ्यात गर्दी नव्हती. पुजाऱ्यानं हात पुढे केला, "आजी, नारळ?"

"नारळ न्हाई आनला."

तिनं देवीपुढचा भंडारा उजव्या मुठीत घेतला. मी मागेच उभी होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"हितं मी त्यांस्नी शब्द द्यायला लावला हुता. तवा मी इस वर्सांची हुते, मला काय कळत नव्हतं. त्यांनी मोडला त्यो बरा मोडला. त्येचं काय असंल तर माझ्यावर घाल. आन न्हाईतर गप ऱ्हा. माझा शब्द मी माघारी घेतला." आणि मूठ उघडून तिनं हळद परत ताटात सोडली.

पुजारी म्हणाला, "आजी, असं करत नसत्यात."

"मी केलं," आई म्हणाली.

बाहेर येऊन तिनं मला विचारलं, "कुठल्या पायरीवर थांबायचं गं ते?"

मी इकडेतिकडे पाहिलं. मला सांगता आलं नाही. आम्ही नेहमी घाईनं आत जायचो आणि बाहेर आलो की प्रसाद खात खाली उतरायला लागायचो. ते मागून येतच असायचे. मी अंदाजानं एक पायरी दाखवली. आई तिथे बसली.

"मी आत त्यांच्यासाठी आयुक्ष मागायची," ती म्हणाली, "आन ते हितं भाहीर हुबं ऱ्हायचं, माझ्यासमोर खोटं पडू नये म्हनून. एवढी वर्सं. येकदा सांगितलं असतं तर मी काय गिळलं असतं का त्यांस्नी?" मग जरा थांबून, "गिळलं असतं. उतरू दिलं नसतं. म्हनून न्हाई सांगितलं."

ती रडली नाही. तिला राग आला होता. अकरा दिवस मी ज्याला रुसवा समजत होते तो हाच राग होता, आणि तो माझ्याइतकाच होता.

याला आता सात महिने झाले. आई सांगलीत आप्पांच्या घरातच राहते. मी दर दुसऱ्या शनिवारी जाते. हरिपूरहून नाना येतात आणि आप्पा ज्या पेवांत उतरले त्यातलं आठवेल ते एकेक पेव सांगतात. कुणाचं होतं, कुठे होतं, किती तास थांबले. मी ते वहीत लिहून घेते. आतापर्यंत अकरा झाली आहेत. मामांकडे आमचं जाणं-येणं नाही.